सासूबाईंच्या लॉंड्रीतली जुनी आवृत्ती

"दोन ओळींचं काम आहे," धाकटे जावई बायकोला म्हणाले. "चहा गार व्हायच्या आत उठतो की नाही बघ."

"मागे नळाचा वॉशर बदलतानाही हेच म्हणाला होतास," बायको म्हणाली. "मग आपण आठवडाभर शेजाऱ्यांकडे आंघोळ केली."

"तो नळ होता. हा माझा प्रांत आहे."

प्रांत म्हणजे सासूबाईंच्या लॉंड्रीतला कॉम्प्युटर. थोरले जावई दातांचे डॉक्टर. सासरच्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी त्यांच्यापुढे आ केलेला असल्यामुळे घरात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. धाकटे प्रोग्रामर. ते दिवसभर नेमकं काय करतात हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. त्यांची सगळी इभ्रत उभी होती ती लॉंड्रीसाठी त्यांनी लिहून दिलेल्या प्रोग्रामवर. काउंटरवर गिऱ्हाइकाचं नाव घातलं की आत, इस्त्रीच्या टेबलापाशी, एका छोट्या यंत्रातून चिठ्ठी पडायची. इस्त्रीवाले मामा ती समोरच्या कपड्याला पिनने टोचायचे आणि कपडा दांडीवर चढवायचे.

प्रोग्रामला एकच खोड होती. गिऱ्हाइकाने पाचातले दोन कपडे नेले की तो पाचही गेले असं समजून मोकळा व्हायचा. उरलेले तीन बेवारशासारखे लटकत राहायचे. आदल्याच दिवशी एका बँकवाल्याचा कोट असा गायब झाला आणि तो शोधता शोधता सासूबाई पडद्यांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडाल्या. बाहेर आल्या त्या फणकाऱ्यानेच.

"जावईबापू, उद्या दुकान बंद होईपर्यंत हे सुधारा. नाहीतर तुमचं खोकं माळ्यावर, आणि मी खडूने नंबर घालायला मोकळी."

खोक्यामागोमाग आपलीही किंमत माळ्यावर जाणार, हे जावयांना पक्कं ठाऊक होतं. तसं बघितलं तर ही खोड त्यांनी दुसऱ्या दुकानांच्या प्रोग्राममधून केव्हाच काढली होती. पण तिथे प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती होती. सासूबाईंचं चिठ्ठ्यांचं यंत्र बोलायचं ते फक्त या म्हाताऱ्या कॉम्प्युटरशी, आणि म्हाताऱ्याला समजायची फक्त जुनी आवृत्ती. तेव्हा नवी दुरुस्ती जुन्या भाषेत उतरवायची, की झालं.

ते बसले. पहिली ओळ घातली. कॉम्प्युटर म्हणाला, हा शब्द मी ऐकलेला नाही. नव्या आवृत्तीत एका शब्दात होणारं काम जुनीला आठ ओळींत समजावून सांगावं लागलं. त्या आठ ओळींना आणखी एक सोय लागत होती, ती जुनीत नव्हती. ती हाताने लिहिली, तर तिला तिसरीच हवी झाली. एका पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने आतेमामेभावंडं घेऊन गाद्यांसकट दारात उभं राहावं, तसं झालं. चहा केव्हाच गार झाला होता.

"झालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"होत आलंय."

"मग मी नावं कुठे घालू?"

"कपडे तसेच आत पाठवा. चिठ्ठ्या मागाहून काढू."

सासूबाईंनी कपडे तसेच आत पाठवले. इकडे जावयांना प्रत्येक बदल करून बघायचा होता, आणि जुनी आवृत्ती असलेला दुसरा कॉम्प्युटर त्यांना उभ्या शहरात मिळाला नसता. म्हणून ते दुकानातच खोटी गिऱ्हाइकं तयार करू लागले. सुरुवातीला 'अबक' आणि 'कखग' अशी शहाण्यासारखी नावं घातली. दुपारपर्यंत डोकं पिकलं, तेव्हा जिवाला विरंगुळा म्हणून घरची माणसं घेतली. 'सूचना' नावाचा रकाना होता, तोही मोकळा कशाला सोडा?

आत प्रत्येक वेळी चिठ्ठी पडत होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मामांचा मात्र शिरस्ता ठरलेला. चिठ्ठी पडली, टोच. चिठ्ठी पडली, टोच. नाव वाचणं हे आपलं काम नव्हे, असं ते मानत.

दिवेलागणीला दुरुस्ती चालली. जावयांनी खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली, आणि नेमके त्याच वेळी थोरले जावई कोट न्यायला आले. त्यांना तासाभरात दातांच्या डॉक्टरांच्या सभेत भाषण करायचं होतं. मामांनी कोट आणून दिला. डॉक्टरांनी सवयीने चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात चिठ्ठी वाचली.

"ग्राहक, सासूबाई. सूचना, गरम असताना हात लावू नये."

दुकानात नऊ-दहा गिऱ्हाइकं उभी होती. धाकट्यांना वाटलं, जमीन दुभंगावी आणि कॉम्प्युटरसकट आपल्याला पोटात घ्यावं.

"माझ्या गाऊनवर 'साडू, तोंड उघडल्यास पळावे' असं का लिहिलंय?" मागून एका बाईंनी विचारलं.

मग एकच गोंधळ उडाला. अख्ख्या दांडीवर एकही चिठ्ठी खरी नव्हती. गिऱ्हाइकं काउंटर ओलांडून आत शिरली. कुणी खिशातल्या रुमालावरून शर्ट ओळखला, कुणी शाईच्या डागावरून. एका शिक्षकांनी तर वासावरून पॅंट ओळखली आणि ती त्यांचीच निघाली. लोक एकमेकांना चिठ्ठ्या वाचून दाखवत होते, आणि पोट धरून हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज होता सासूबाईंचा. त्या हसता हसता स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या.

"बाकी सूचना खरी आहे हो," त्या म्हणाल्या. "यांच्या सासऱ्यांना जन्मभर लिहायचा धीर झाला नाही. पण जावईबापू, माझ्या कामाचं काय?"

धाकट्यांनी शिक्षकांचे पाच कपडे खऱ्या नावाने घातले. शिक्षकांनी दोन नेले. पडद्यावर उमटलं: दिले दोन, बाकी तीन. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं आणि खोक्यावरची धूळ स्वतःच्या हाताने पुसली.

"राहू दे हे इथेच," त्या म्हणाल्या. धाकट्यांची छाती वीतभर फुगली. थोरल्यांनीसुद्धा पाठ थोपटली आणि ते सभेला पळाले.

गर्दी ओसरली. शोधाशोधीत चुरगळून गेलेल्या कपड्यांचा ढीग तेवढा टेबलावर राहिला. मामांनी टोपी घातली आणि वेळ झाली म्हणून ते निघून गेले. सासूबाईंनी खुर्ची ओढून एकेक कळ शोधत टाईप केलं: ग्राहक, धाकटे जावई. इस्त्रीला कपडे, चाळीस.

जावयांनी बाह्या सरसावल्या. पुष्कळ वेळाने कंबर धरून ते दाराकडे सरकले. "झालेच म्हणायचे हो सगळे," ते शक्य तितक्या सहज म्हणाले.

सासूबाईंनी दांडीवरचे कपडे मोजले, आकडा घातला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

दिले बावीस, बाकी अठरा. दुरुस्तीत नाव ठेवायला कुठेही जागा नव्हती.