बटाटाच म्हणायचं

"रोज चार अंडी खा. रक्तातलं प्रोटीन वाढल्याशिवाय मी गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही," लातूरच्या डॉक्टरांनी असं सांगितलं, तेव्हा आप्पासाहेबांच्या आधी चतुराबाईंचाच चेहरा पांढराफटक पडला. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. पण नवऱ्याचं भिंत धरून चालणंही त्यांना बघवत नव्हतं. शेवटी त्यांनी नव्या सुनेला, वर्षाराणीला बजावलं, "औषध म्हनून दे. पर त्याचं नाव घरात निघालं, तर मी किल्लारीला माहेरी निघून जाईन. बटाटा म्हनायचं!"

वर्षाराणीनं जिभेला वळण लावलं. "मामा, बटाटे खाल्ले का?" असं ती भर ओसरीतून बिनदिक्कत विचारू लागली. खरा बटाटा त्या घरात शिजेनासाच झाला.

सोमवारी महादेवाला निघताना चतुराबाई दारातून ओरडल्या, "वर्षे, दोन बटाटे उकडून ठेव गं. उपास हाय."

वर्षाराणीच्या हातातली पळी खाली पडली. "आत्याबाई... तुमच्यासाठी?"

"मग कुनासाठी? सोलून जिरं-मीठ टाक. भुकेनं चक्कर येऊन राहिली."

खुलासा विचारावा तर ते नाव घ्यावं लागणार, आणि नाव घेतलं की किल्लारी! आत्याबाईंनाही अशक्तपणा आला असेल, अशी समजूत घालून तिनं दोन उकडली.

चतुराबाई परतल्या, तर सोबत भोकरची नणंद, धोंडाबाई. भावाला बघायला आलेली ही बाई कांद्याच्या वासानंही पंगतीतून उठायची. चतुराबाईंनी ताटलीवरचं झाकण काढलं आणि ते हातातच राहिलं.

"हे... हे काय गं?"

"बटाटे," वर्षाराणी रडकुंडीला आली. "तुमीच म्हनलात की!"

खाटेवर आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले. आता घरात बटाटा बंद आणि ऑपरेशनही बोंबललं, हे त्यांना स्वच्छ दिसलं. चतुराबाई झाकण परत घालणार, तोवर धोंडाबाईंनी एक उचललंसुद्धा.

"अक्का, बटाटेच हायत ते," चतुराबाई कशाबशा म्हणाल्या.

धोंडाबाईंनी ते मिठाला लावून सावकाश संपवलं, पदरानं तोंड पुसलं आणि दुसऱ्याकडं हात नेला.

"असू दे, चतुरे. आमच्यात याला वांगं म्हनतेत."