डावीकडच्या मॅटचं भोक

वेणीमाधवांच्या मते नाशिकमध्ये खरा गुप्तहेर एकच होता आणि तो रोज सकाळी त्यांच्याच आरशात दाढी करायचा. नजर घारीची, बुद्धी तलवारीची आणि नाक असं, की शेजारी फोडणी पडायच्या आत भाजी कुठली ते सांगावं. सांगितलेली भाजी कधी बरोबर निघाली नव्हती, पण तो शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाचा दोष. पोटापाण्यासाठी ते सातपूरच्या एका कारखान्यात व्हर्नियर नावाच्या मापयंत्राने नटबोल्ट मापायचे आणि रविवारी तोच व्हर्नियर गुन्हेगारांसाठी खिशात घालून हिंडायचे. सोसायटीच्या टाकीचं चोरीला गेलेलं झाकण त्यांनीच शोधून काढलं होतं. ते टाकीवरच होतं.

या थोर माणसाची बिनपगारी सहायक म्हणजे त्यांची बायको, अनसूया. ती हरसूलच्या शाळेत शिकवायची. रोज पहाटे एसटी, मग त्र्यंबकहून जीप, आणि जीपमध्ये एका सीटवर इतकी माणसं, की उतरताना आपलेच पाय कोणते ते विचारावं लागे. तिचं ड्रायव्हिंग लायसन्स दोन वर्षं पर्समध्ये झोपा काढत होतं. घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची! पण वेणीमाधवांना नवीच गाडी हवी होती.

"नव्या गाडीला भूतकाळ नसतो," ते म्हणाले. "आणि आत्ताच सांगतो, नव्या गाडीचं स्टिअरिंग माझ्याच हातात राहील. तुझा हात बसल्याशिवाय तुला देणार नाही."

"आणि गाडी दिल्याशिवाय हात बसायचा कसा?"

"तो स्वतंत्र तपासाचा विषय आहे."

म्हणून अनसूयेला जुनी गाडी हवी होती. जुनीला ओरखडे आधीच असतात, आणखी एकाने तिचं काय बिघडतंय? तिने वडाळा रोडच्या रियाजभाईंची पांढरी गाडी हेरून ठेवली होती. शेवटी घरात तह झाला: गाडीत काही काळंबेरं निघालं तर नवी, नाहीतर हीच.

रविवारी सकाळी मिसळ खाऊन, म्हणजे डोकं आणि पोट दोन्ही पेटवून, वेणीमाधव अनसूयेला घेऊन गाडीपाशी पोचले. रियाजभाईंचं कापडाचं दुकान होतं, माणूस अगदी शांत. "बघा साहेब, आरामात बघा," म्हणत त्यांनी चारी दारं उघडून दिली.

वेणीमाधवांनी दारात वाकून आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. "अनसूया! ड्रायव्हरची सीट बघ. पार पुढे ओढलेली! वर उशी! यावरून काय सिद्ध होतं?"

"कोणीतरी बुटकं चालवतं."

"किती उथळ विचार! रियाजभाई सहा फुटांचे. ते इथे बसले तर गुडघे कानाला लागतील. म्हणजे ही गाडी चालवतं कोण? एखादं शाळकरी पोरगं! विनालायसन!"

"साहेब, आमचा मुलगा दुबईत आहे," रियाजभाई म्हणाले. "दाढी पिकायला लागली त्याची."

"वा! म्हणजे पोरगं बाहेरचं!" म्हणत वेणीमाधव डाव्या बाजूला गेले आणि तिथे त्यांना घबाडच सापडलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढच्या रबरी मॅटला उजव्या पायाच्या जागी हे एवढं भोक पडलं होतं. वरची धरायची मूठसुद्धा ढिली होऊन लोंबत होती. वेणीमाधवांनी व्हर्नियर काढून भोक मापलं. मापाचं पुढे काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"उलगडलं! अगदी ब्रेक असतो त्या जागी झीज. म्हणजे इथे शिकवणाऱ्याचा दुसरा ब्रेक होता! ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे, अनसूया. हजारो शिकाऊंनी हिचा क्लच चावून चोथा केलाय. दुसरा ब्रेक काढला, पण भोक विसरले. तपास संपला. नवीच घ्यायची!"

 अनसूयेच्या डोळ्यांपुढे उद्याची जीप उभी राहिली. तिने न राहवून विचारलं, "रियाजभाई, ही गाडी चालवतं तरी कोण?"

"आमच्या मॅडम," रियाजभाई म्हणाले. "मला येत नाही ना चालवायला."

तेवढ्यात जहिदाभाभी चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्या जेमतेम अनसूयेएवढ्या, म्हणजे सोसायटीच्या गेटच्या कडीला हात पोचावा इतपत. "दर हप्त्याला मालेगावहून कापड मीच आणते," त्या म्हणाल्या. "आता गिअर बदलायचा कंटाळा आला, म्हणून दुसरी ऑटोमॅटिक घेतली, ही विकायची. चला, चक्कर मारून दाखवते."

जहिदाभाभी स्टिअरिंगवर, रियाजभाई शेजारी, मागे हे दोघं. समोरून रिक्षा आली. भाभींनी झोकात वळण घेतलं आणि रियाजभाईंनी मूठ घट्ट धरून उजवा पाय मॅटवर दाणकन दाबला. म्हैस आली, पाय दाबला. सिग्नल शंभर पावलांवर असतानाच दाबून ठेवला. अनसूयेने नवऱ्याला कोपर मारून खाली बोट दाखवलं.

वेणीमाधवांनी वाकून त्या पायाकडे बघितलं. मग ते खाकरले. "मला पहिल्यापासून हाच संशय होता."

परतल्यावर भाभींनी किल्ली अनसूयेच्या हातात ठेवली. "आता तुम्ही चालवून बघा." अनसूया बसली. सीट बोटभरही हलवावी लागली नाही. तिला इतकं बरं वाटलं, की डोळेच भरून आले. तह झालेला होता आणि काळंबेरं काही निघालं नव्हतं, त्यामुळे वेणीमाधव मुकाट्याने डावीकडे बसले.

रियाजभाई खिडकीशी आले. "ताई, मॅट फाटलीये. नवीन टाकून देतो."

"नको," गिअर टाकत अनसूया म्हणाली, "राहू दे तशीच."

गाडी रस्त्याला लागली. पहिल्याच वळणावर समोर टेम्पो आला आणि वेणीमाधवांचा उजवा पाय बरोब्बर त्या भोकात जाऊन बसला.