वाणात गेलेलं आकाश

नीलकंठराव गद्र्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल दोन महिन्यांपासून जेवणाच्या कामाचं राहिलं नव्हतं. त्यावर एक परदेशी किल्ला उभा राहत होता. नवरा-बायको भिंतीला पाठ टेकून, ताटं मांडीवर घेऊन जेवत होती, आणि वरणभात सांडला की अनुसूयाबाई किल्ल्याकडे बघून जे काही बोलत, ते किल्ल्याच्या मूळ मालकानं ऐकलं असतं तर त्यानं किल्ला सोडून दिला असता.

सगळं सुरू झालं ते रक्तदाबापासून. सिंचन खात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म घालवून निवृत्त झालेल्या नीलकंठरावांना डॉक्टरांनी तपासलं आणि म्हटलं, "गद्रेजी, अख़बार बंद. टीवी की बहस बंद. हाथ का कोई शांत काम पकड़िए." ही बातमी पुण्याला लेकीच्या, जानकीच्या कानावर गेली आणि आठवड्याच्या आत घरी एक डबा आला. हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल. तळ्याकाठी किल्ला, मागं बर्फाचे डोंगर आणि वर हे एवढं थोरलं निळं आकाश.

"आपल्या झाशीत चांगला थोरला किल्ला आहे की," अनुसूयाबाई म्हणाल्या. "तो सोडून हा कुणाचा बांधायला घेतलाय?"

पण नीलकंठराव रमले, आणि असे रमले की बोलायची सोय नाही! सकाळी चहा झाला की चष्मा पुसून टेबलाशी बसायचे. एखादा तुकडा दहा ठिकाणी लावून बघायचा, अकराव्या ठिकाणी तो अलगद बसायचा, आणि मग ते एकटेच "वा!" म्हणायचे. रक्तदाब खरोखरच उतरला. घरात चढला तो फक्त अनुसूयाबाईंचा.

त्यांना टेबल अडल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख निराळं होतं. नवऱ्याचं एकही काम आजवर तडीला गेलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. पेटी शिकायला घेतली ती भूपापर्यंत पोचून थांबली. गच्चीवर दुधीच्या वेलासाठी मांडव घातला, त्याचे दोन बांबू अजून आभाळाकडे बघत उभे होते. आत्मचरित्र लिहायला घेतलं, त्यात स्वतःचा जन्म झाला आणि वही मिटली.

"हेही अर्धंच राहणार," त्या म्हणाल्या. "मी सांगून ठेवते. रथसप्तमीपर्यंत पुरं झालं तर टेबल तुमचं. पुढं दहा डबे आणा, मी तोंडातून ब्र काढणार नाही. नाही झालं, तर हा सगळा पसारा माळ्यावर, आणि पुन्हा या घरात ठिकऱ्या आणायच्या नाहीत."

"कबूल!" नीलकंठराव म्हणाले. डोंगर झाला होता, किल्ला झाला होता, तळं झालं होतं. राहिलं होतं ते नुसतं आकाश.

पण आकाश ही चीज किती वाईट असते, ते जोडायला बसल्याशिवाय कळत नाही. अडीचशेच्या वर तुकडे, सगळे निळे. नीलकंठरावांनी मग आपली हेडक्लार्की बुद्धी चालवली. एकेका छटेचे बारा-बारा तुकडे वेगळे काढले. फिकट निळा, त्याहून जरा कमी फिकट, पांढऱ्याकडे झुकलेला, असे एकवीस गट झाले. एवढे गट ठेवायचे कशात? फडताळात स्टीलच्या कोऱ्या वाट्या होत्या. मोजून एकवीस! देवच पावला असं वाटून त्यांनी त्या टेबलावर मांडल्या.

त्या वाट्या अनुसूयाबाईंनी माणिक चौकातून, तीन दुकानं पालथी घालून, संक्रांतीच्या वाणासाठी आणलेल्या होत्या.

शुक्रवारी हळदीकुंकू. झाशीत मराठी घरं ती किती, त्यामुळे गद्र्यांच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या दुबे, सक्सेना, श्रीवास्तव अशा सगळ्या घरच्या बायका हौसेनं येत. सकाळी अनुसूयाबाईंनी वाट्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला.

"अहो! वाणाच्या वाट्या आहेत त्या! आत्ताच्या आत्ता मोकळ्या करा. आणि रिकामे आहात तर हलव्याच्या पुड्या बांधा एकवीस, नि एकेक वाटीत ठेवून द्या."

नीलकंठराव कामाला लागले. आता छटा पुन्हा एकमेकींत मिसळल्या तर पंधरा दिवस पाण्यात जाणार. म्हणून त्यांनी आधी प्रत्येक गटाची पांढऱ्या कागदात सुरेख पुडी बांधली आणि ज्या त्या वाटीत ठेवली. मग त्याच कागदाच्या, त्याच मापाच्या हलव्याच्या एकवीस पुड्या बांधल्या आणि परातीत ठेवल्या. आता फक्त ह्या उचलायच्या नि त्या ठेवायच्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हुकूम आला.

"चार वाजले! बायका येतील. निघा तुम्ही!"

हळदीकुंकवाला घरात पुरुष नको, हा नियम गद्र्यांकडे इतका कडक होता की पायात चपला सरकवेपर्यंत दार लागलं. नीलकंठराव लक्ष्मी ताल तळ्याकडे फिरायला गेले, महालक्ष्मीचं दर्शन घेतलं, पायरीवर बसून शेंगदाणे खाल्ले, आणि आकाशाची वरची डावी बाजू मनातल्या मनात जोडून काढली. छान गेला वेळ.

साडेसातला घरी आले तर टेबलावर एकही वाटी नव्हती. परातीत मात्र एकवीस पुड्या जशाच्या तशा.

"अगं," ते परातीकडे बोट दाखवत म्हणाले, "वाट्यांतल्या पुड्या कुठं काढून ठेवल्यास?"

"काढायच्या कशाला? वाटल्या. हलवा होता ना त्यात?"

नीलकंठरावांनी परातीतली एक पुडी उचलून बायकोच्या हातात दिली. बाईंनी ती उघडली. आत काटेरी, पांढराशुभ्र हलवा. त्यांनी हलव्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

"अगं बाई! म्हणजे मी एकवीस जणींना ठिकऱ्या वाटल्या?"

"आकाश वाटलंस तू माझं! थांब, मी स्कूटर काढतो नि एकेकीकडून—"

"खबरदार! दिलेलं वाण परत मागायचं? गावात तोंड दाखवायला जागा राहील का? आणि मागणार काय म्हणून? पुठ्ठे?"

"मग माझं काय? रथसप्तमीला दहा दिवस राहिलेत!"

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या सरला दुबे.

"भाभीजी, पुड़िया खोली तो नीले-नीले टुकड़े निकले. हमने तो ठाकुरजी के आगे रख दिए और रोली लगा दी. अब इनका करना क्या होता है? आपके यहाँ का कोई रिवाज है न?"

"रखे रहिए, सरलाजी. बताती हूँ," एवढंच बोलून अनुसूयाबाईंनी फोन ठेवला. लगेच दुसरा आला. श्रीवास्तवांच्या सासूबाईंनी मिठाई समजून एक तुकडा चघळला होता आणि तो कवळीत अडकला होता. तक्रार काही नाही, पण हे गिळायचं की काय, असं त्यांचं विचारणं होतं. सक्सेनांकडे ते तुळशीत पुरायचं ठरत होतं. "गाड़िए मत!" नीलकंठराव मागून ओरडले.

आणि मग आला तो खरा फोन. इंदिराबाईंचा.

इंदिराबाई म्हणजे झाशीतल्या मराठी बायकांचं हायकोर्ट. वय ब्याऐंशी. कुठल्या सणाला कुठल्या बोटानं काय लावायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे.

"अनुसूया, ही कसली गं रीत? साठ वर्षं हळदीकुंकू करतेय, पण वाणात निळे पुठ्ठे कुणी दिले नाहीत मला."

आता खरं सांगावं, तर अनुसूयाबाईंच्या अब्रूचं पुढल्या सगळ्या संक्रांतींना खोबरं होणार. त्यांनी डोळे मिटले.

"माहेरची आहे, इंदिराकाकू. आमच्या सागर गावाकडची. ते... रथसप्तमीला सगळ्या बायकांनी आणून एकत्र जोडायचं असतं. आभाळ. सूर्यनारायणासाठी."

नीलकंठरावांनीही फोनला कान लावला.

"अय्या, हो की!" इंदिराबाई एकदम म्हणाल्या. "आठवलं बघ. आमच्या सासूबाई सांगायच्या. पूर्वी लाकडाचे असायचे. हल्लीच्यांना काही माहीत नसतं, मीच सांगते सगळ्यांना."

फोन ठेवला. मग नीलकंठरावांना हसू फुटलं, आणि ते हसताना बघून अनुसूयाबाईही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

पुढचे दहा दिवस नीलकंठरावांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. एकदा तर राहवलं नाही म्हणून विरजण मागायच्या निमित्तानं ते दुब्यांकडे गेले. देव्हाऱ्यात ठाकुरजींच्या पायाशी त्यांचं आकाश पडलं होतं, बारा तुकडे, बाराही कुंकवानं लाल. "भाईसाहब, चरणामृत लीजिए," म्हणत सरलाजींनी पळी उचलली आणि तिच्यातले चार थेंब तुकड्यांवर पडले. नीलकंठरावांच्या काळजाचं पाणी झालं. तुकडा भिजला की फुगतो, हे त्या माउलीला कोण सांगणार?

रथसप्तमी उजाडली. अंगणात दूध उतू गेलं, आणि दुपारी तीनला बायका आल्या. जरीच्या साड्या, नथी, हातात वाट्या, वाटीत रुमालाखाली तुकडे. नीलकंठराव चष्मा पुसून टेबलाशी सज्ज उभे होते.

"हे काय?" इंदिराबाई दारातूनच म्हणाल्या. "नीलकंठ, बाहेर हो. बायकांचं आहे हे. पुरुषांनी बघायचंसुद्धा नसतं."

"अहो काकू, पण ते माझं—"

"अनुसूया, तुमच्या सागरला पुरुष असतात का गं?"

अनुसूयाबाईंनी नवऱ्याकडे फार केविलवाणं बघितलं. "नसतात," त्या म्हणाल्या.

दार लागलं. नीलकंठराव व्हरांड्यातल्या खिडकीला नाक लावून उभे राहिले. आत नुसता कल्लोळ. एकवीसजणी टेबलाभोवती दाटल्या होत्या.

"अरे, ये तो इधर का है!"

"दाबू नका, बसत नाही तर!" नीलकंठराव खिडकीतून. "फिरवा! उलटा फिरवा!"

"कोण बोललं?"

"कुणी नाही!"

इंदिराबाईंनी आणखी एक रीत जागच्या जागी काढली. ज्या बाईनं आपल्या वाटीतला शेवटचा तुकडा लावला, तिनं नवऱ्याचं नाव घ्यायचं. सरलाजींनी रोलीचे बाराही तुकडे बसवले आणि हिंदीत असं काही नाव घेतलं की हसून हसून दोघींच्या नथी निसटल्या. फुगलेला तुकडा लाटण्यानं बसवला गेला. चघळलेला तुकडाही, थोडा दातांच्या खुणांसकट, आपल्या जागी गेला. जे आकाश नीलकंठरावांना महिनाभर हुलकावण्या देत होतं, ते ह्या बायकांनी पावणेदोन तासांत, एकीकडे चहा पिऊन आणि तीन लग्नं जुळवून, वर चढवलं.

शेवटची एक जागा उरली, तेव्हा इंदिराबाईंनी आपल्या वाटीतला तुकडा अनुसूयाबाईंच्या हातात दिला. खिडकीबाहेर नीलकंठराव गजांना धरून उभे. अडतीस वर्षांत, लग्नातला एक दिवस सोडला, तर बाईंनी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही, पण आवाज तिथपर्यंत पोचेल इतका मोठा काढला.

"हजार तुकड्यांचा पसारा, दोन महिने सोसला बाई,
नीलकंठरावांचं एक काम तडीस गेलं, आता मागणं काही नाही."

टाळ्या पडल्या. बाहेर नीलकंठरावांना खरंच भरून आलं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, आणि तेवढ्यात दार उघडलं, तसे ते नवरदेवाच्या ऐटीत आत शिरले. पुरं झालं होतं! आकाश थोडं लाल, थोडं फुगीर, पण पुरं होतं.

"टेबल माझं," ते बायकोच्या कानाशी हळूच म्हणाले.

"तुमचं," बाई हसल्या. "शब्द आहे माझा."

नीलकंठरावांनी कपाटावरून नवा डबा खाली काढला. जानकीनं कालच पाठवला होता, दीड हजार तुकड्यांचा. मग बाह्या सरसावून जुनं मोडायला किल्ल्याच्या बुरुजाला हात घातला.

"अहो, अहो, अहो!" इंदिराबाई काठी आपटत पुढं आल्या. "सुवासिनींनी नाव घेऊन जोडलेलं मोडता? शोभतं का? जोडलेलं मोडायचं नसतं!"

"काकू," अनुसूयाबाई घाईनं म्हणाल्या, "आमच्या सागरला दुसऱ्या दिवशी मोडतात हं."

"सागरला मोडत असतील. झाशीत नाही."

असं म्हणून इंदिराबाईंनी सबंध किल्ल्याला हळदीकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. मागोमाग वीसजणींनी केला. सरलाजींनी उदबत्ती लावली. "अब हर इतवार दर्शन को आएँगे, भाभीजी," जाता जाता त्या म्हणाल्या.

सगळ्या गेल्यावर नवरा-बायको टेबलासमोर उभी राहिली. उदबत्तीचा धूर किल्ल्यावरून जात होता. मोडायची दोघांची छाती नव्हती.

बऱ्याच वेळानं अनुसूयाबाईंनी दोन ताटं वाढून आणली आणि नेहमीसारखी भिंतीशी ठेवली. जेवणं झाली. मग त्यांनी जमिनीवरची चटई झटकली, नवा डबा स्वतःकडे ओढला आणि झाकण काढलं.

"चष्मा द्या तुमचा," त्या म्हणाल्या. "आणि आधी कडा शोधायच्या. आकाशाला एकट्यानं हात लावाल, तर बघा."