मिस कॉल उचलायचा नसतो

दिवेलागणीला आमच्याकडे कुणी नवखा पाहुणा आला की समोरच्या गच्चीकडे बघून तो हमखास दचकायचा. पाण्याच्या टाकीशेजारी स्टूल, स्टुलावर बनियन-पायजम्यातले आप्पा, उजवा हात आभाळाकडे आणि हातात मोबाइल. तोंडातून शब्द नाही. थोड्या वेळानं फोन एकदाच वाजायचा आणि गप्प व्हायचा. आप्पा स्क्रीनकडे बघायचे, मान हलवायचे, स्टूल काखेत मारायचे आणि जिना उतरायचे. फोनवर बोलताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला पहिल्यांदा रेंजची शंका आली. सासूबाईंना बाहेरच्या बाधेची आली.

आप्पांचं खरं नाव दिनकरराव. साखर कारखान्यात नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी कसबा बावड्यात, ऊस संपून बंगले सुरू होतात तिथं, घर बांधलं. इंजिनिअरनं सांगितलेल्या सळीच्या दुप्पट सळी घातली. खिडक्यांना लोखंडी झडपा. घर दाखवताना ते भिंतीवर थाप मारायचे आणि विचारायचे, "स्लॅब हाय, चेष्टा हाय व्हय?" चेष्टा नव्हतीच. त्या घरात मुंगी शिरायची मारामार, तिथं रेंज कुठून शिरणार? अंगणात एक काडी दिसे, तीही लाजत लाजत. पूर्ण काड्या फक्त टाकीशेजारी. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा बंगळूरला, त्यामुळे एवढ्या भक्कम घरात आप्पा एकटेच.

मग गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टरांनी जिना बंद केला. दवाखान्यातून सुटले त्याच सकाळी काठी टेकत आप्पा माझ्याकडे आले.

"मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या. घरात लावायचा बूस्टर मिळतोय म्हणं. घ्यावा का?"

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. बूस्टर रेंज तयार करत नाही, बाहेर असेल तेवढीच आत आणून मोठी करतो. शिवाय परवानगीशिवाय तो लावणं बेकायदा आहे. स्वस्तातला डबा तर टॉवरलाच त्रास देतो. त्यापेक्षा घरात वायफाय घ्या, त्यावरून साधा फोन येतो-जातो.

"घरपट्टी मी भरतोय, पानीपट्टी मी भरतोय. माझ्याच घरात फोन वाजवायला परवानगी कुणाची?" आप्पा तापले. मग जरा विचार करून म्हणाले, "आन् वायफायवर वाजंल ती रिंग खरी आसती व्हय? रिंग म्हंजे रिंगच पायजे."

ज्याला फोनवर बोलायचंच नाही, त्याला रिंगेच्या खरेपणाची एवढी काळजी कशाला, हे मला काही उमगेना.

सल्ला विचारायचा आणि उलट वागायचं, ही आप्पांची रीत. त्याच दिवशी दुपारपर्यंत गच्चीवर अँटेना उभी राहिली, जिन्यातून काळी वायर उतरली आणि माजघरात देव्हाऱ्याशेजारी बूस्टर बसला. संध्याकाळी खुर्चीत बसल्या जागी फोन एकदा वाजला. आप्पांनी मला हाक मारून पेढा दिला.

आप्पांच्या घरात रेंज आली आणि कॉलनीतली गेली. माझा आवाज पलीकडे विहिरीतून आल्यासारखा जाऊ लागला. कोपऱ्यावरचे देसाई फोन कानाला लावून पार उसापर्यंत चालत जायला लागले. अखेर कुणीतरी तक्रार केली. मोबाइल कंपनीची दोन माणसं हातात मापाची अँटेना घेऊन गल्लीत फिरली आणि नेमकी आप्पांच्या फाटकाशी थांबली.

"या पावणं, च्या घ्या," आप्पा म्हणाले.

पावण्यांनी चहा घेतला आणि शांतपणे सांगितलं, की तुमचा डबा टॉवरवर ओरडतोय, त्यामुळे त्याला दुसऱ्यांचं ऐकू येत नाही. बंद करा, नाहीतर पुढं तक्रार करावी लागेल. आप्पा उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पिन काढली.

"माझ्यापायी कॉलनीचं फोन बंद पडत आसतील तर न्हाई ठेवायचा. पर पावणं, टॉवरच जरा हिकडं सरकवा की."

दुसऱ्या दिवशी अंधार पडताना मी गच्चीवरचे कपडे काढत होते. समोर आप्पा एक हात कठड्यावर, दुसऱ्यात फोन, असे घराबाहेरच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर अडकले होते. वरही जाता येईना, खालीही येता येईना. मी धावत गेले, धरून खाली आणलं आणि अक्षरशः ओरडले, "आप्पा, कुणाच्या फोनसाठी चाललंय हे?"

"आक्काच्या," ते म्हणाले आणि खालच्या पायरीवरच बसले.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मलकापूरच्या पुढं डोंगरातल्या गावात एक म्हैस घेऊन एकटीच राहते. दाजी गेले तेव्हा आप्पांनीच तिला सांगितलं होतं, संध्याकाळी म्हैस पिळून झाली की एक रिंग देत जा. रिंग आली की तू बरी आहेस असं मी समजेन.

"मग बोलत का नाही तुम्ही?"

"बोलणं बंद हाय आमचं."

भाचीच्या लग्नात मामाचा फेटा आधी आप्पांना बांधायचा, तो आक्काच्या सासरच्यांनी आधी आप्पांच्या चुलतभावाला बांधला. आप्पांनी डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि अक्षता पडायच्या आत यष्टी धरली. त्याला आता बरीच वर्षं झाली. भाचीची मुलं शाळेत जातात. बहीणभाऊ अजून बोलत नाहीत.

"पण रिंग चालू?"

"मिस कॉल म्हंजे बोलणं न्हवं, मॅडम," आप्पांनी मला समजावलं. "काल रिंग न्हाई, आज न्हाई. आता ती माझ्या फोनपायी न्हाई, का तिच्यापायी न्हाई, हे कसं कळायचं?"

"तुम्हीच लावा की फोन. चला माझ्या गच्चीव... माझ्याकडे."

"आधी मी? फेटा आधी कुणाला बांधला?"

मला रागच आला. पण एवढा धिप्पाड माणूस पायरीवर बसून सारखा फोनच्या काड्या मोजत होता.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी त्यांना आमच्या व्हरांड्यात बसवलं. त्यांच्या फोनला आमचं वायफाय जोडलं आणि सेटिंगमध्ये जाऊन त्यावरून फोन येईल असं करून दिलं. आप्पांनी फोन मांडीवर ठेवला आणि ते फाटकाकडे बघत बसले. मी केलेला चहा गार झाला.

फोन वाजला.

"आली!" आप्पांचा चेहरा फुलला. त्यांनी फोन खिशात घालायला घेतला, पण तो थांबेना. आणखी वाजला. वाजतच राहिला.

"कट का करंना ही?" आप्पांचा आवाज बारीक झाला. "पडलीबिडली का काय? दुसऱ्यानंच कुणी लावला आसंल."

"उचला."

"मिस कॉल उचलायचा नसतो, मॅडम."

"उचला आधी!" मी वर्गातला आवाज काढला.

त्यांनी उचलला. स्पीकर लावायची गरज नव्हती. डोंगराच्या या अंगावरून त्या अंगाला हाक मारणाऱ्या बाईचा तो आवाज होता.

"दिन्या? आरं, जित्ता हाईस न्हवं?"

आप्पांनी नुसतीच मान हलवली.

"रोज फोन वाजतोय म्हंजे तू हाईस, आसं धरून चालल्ये मी. परवापास्नं ती बाई सांगत्या, लागत न्हाई, लागत न्हाई. काल म्हस पिळाय बसले तर हात चालंना माझा. आरं, बोल की!"

मी आप्पांकडे बघितलं नाही. इतकी वर्षं ते समजत होते, आपण आक्कावर नजर ठेवून आहोत. त्यांची खुशाली कुणी विचारत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

"हाय की, आक्का," आप्पा म्हणाले. "गुडघा तेवढा कापलाय."

"गुडघा? कापलाय? आन् मला सांगाय नगो?"

"बोलत न्हाई न्हवं आपण."

पलीकडून म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू आली. मग आक्का नाक ओढत म्हणाली, "सकाळच्या यष्टीनं येते. म्हशीला शेजारी बघतील. मी येस्तवर उठू नगंस."

"ये," आप्पा म्हणाले. फोन बंद झाला तरी बराच वेळ त्यांनी तो कानाला धरून ठेवला होता.