प्रश्न बंद करणाऱ्या साळवे मॅडम

साळवे मॅडमना 'कशा आहात?' असं विचारायचं नसतं. अंबरनाथच्या चिखलोलीत राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं. त्या भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या, मी उतरत होतो. शेजारी म्हणून मी हसून विचारलं, "काय मॅडम, कशा आहात?"

त्या थांबल्या. पिशवी पायरीवर ठेवली.

"तब्येत विचारताय, रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो ते विचारताय, की जिन्यात समोर आले म्हणून काहीतरी विचारताय?"

"म्हणजे... आपलं सहजच."

"सहज असेल तर नमस्कार म्हणा, सावंत. नमस्काराला नमस्कार पुरतो." पिशवी उचलून त्या वर गेल्या. मी उरलेला जिना स्वतःशीच नमस्कार म्हणत उतरलो.

सुमन साळवे. आखूड कापलेले पांढरे केस, सुती साडी, साडीखाली पळायचे बूट. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी केली, तीही क्वालिटीच्या लॅबमध्ये. आलेल्या मालाचा ड्रम त्यांच्या सहीशिवाय आत जात नसे. "ड्रम बोलत नाही," त्या म्हणतात, "त्यामुळे माझं त्याच्याशी फार छान जमायचं." घरी एकट्याच. कुणी आलं-गेलंही फारसं दिसत नाही.

रिटायर झाल्यावर त्यांना ड्रमांऐवजी प्रश्न मिळाले. 'विचारपूस' नावाची एक मराठी वेबसाइट आहे. कुणीही प्रश्न टाकायचा, ज्याला माहीत असेल त्याने उत्तर द्यायचं. मिक्सरपासून मूळव्याधीपर्यंत सगळं. मॅडम तिथल्या मॉडरेटर. म्हणजे प्रश्न नीट नसेल तर तो बंद करायचा, खाली कारण लिहायचं, आणि सुधारून आणला की उघडायचा. सगळं फुकट, हौसेने. आमच्या वॉचमनला मॉडरेटर म्हणता यायचं नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "वो दूसरे माले वाली मॅडम मॉनिटर है." त्याचं फारसं चुकत नव्हतं.

त्यांची कारणं वाचायला मी रोज त्या साइटवर जायचो. एकाने विचारलं, 'बायको ऐकत नाही, काय करावे?' मॅडमनी बंद केला: 'काय ऐकत नाही ते लिहा. तिलाही खातं उघडू द्या, मग दोन्ही बाजू बघू.' दुसऱ्याने विचारलं, 'कोणता फ्रिज चांगला?' बंद: 'कुणासाठी?' एकाने राजकारणावर तावातावाने पानभर लिहून शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह लावलं होतं. तो बंद: 'हे भाषण आहे. प्रश्नचिन्ह परत करा.'

माझाही बंद झाला. मी आपला भोळेपणाने विचारलं होतं, 'चिखलोलीचं नवीन स्टेशन नक्की कधी सुरू होणार?' कारण एकाच शब्दाचं होतं: 'भविष्य.'

सोसायटीच्या मीटिंगमध्येही तेच. कुणी ओरडलं, "पाणी का येत नाही?" की मॅडम हात वर करून म्हणायच्या, "कोणत्या विंगला, कोणत्या मजल्यावर, पंप चालू असताना की बंद असताना?" लोक एकमेकांकडे बघायचे. अर्ध्या लोकांना पाणी येतच होतं, ते नुसते ओरडायला आले होते. ते चहा पिऊन घरी जायचे. सेक्रेटरींना मॅडम मनातून आवडत असाव्यात, पण तसं दाखवायची त्यांची हिंमत नव्हती.

तर या 'विचारपूस'चा मालक हरेश. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्याचं मोबाइलच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि वरच्या खोलीतून साइट चालते. एका सकाळी तो दाल-पकवानचं पार्सल घेऊन मॅडमच्या घरी आला. मी तिथेच बसलो होतो.

"मॅडम, बुरा मत मानना," त्याने सुरुवात केली. "पब्लिक येते, सवाल टाकते, तुम्ही बंद करता. पब्लिक भाग जाती है."

"भागू दे. ज्याला खरंच हवंय तो परत येतो."

"नाय येत मॅडम. म्हणून आता नवीन रूल. कुणाचाच सवाल बंद नाय करायचा. जितने ज्यादा सवाल, उतना अच्छा."

"हरेश, दुकानात गिऱ्हाईक येऊन म्हणतं, मोबाइल बिघडला. तुम्ही काय करता?"

"विचारतो ना. पडला काय, पानी गया क्या, चार्ज होतो काय..."

"आणि तोवर बाकीच्या गिऱ्हाइकांना त्याची टिंगल करायला देता?"

"वो दुकान है मॅडम, ये वेबसाइट है."

"मी बंद करणार," मॅडम म्हणाल्या.

"मग तुमचा अधिकार काढावा लागेल."

"काढा. पकवान ठेवून जा, गरम आहेत."

अधिकार निघाला. त्यांच्या नावापुढे नुसतं 'सभासद' राहिलं. मला वाटलं, आता मॅडम टीव्ही बघतील. त्यांनी उलट प्रत्येक प्रश्नाखाली जाऊन लिहायला सुरुवात केली. 'कोणता?' 'कधीपासून?' 'कशावरून?' एकाने वैतागून लिहिलं, 'ही म्हातारी कोण आहे?' मॅडमनी उत्तर दिलं, 'हा प्रश्न पूर्ण आहे. सुमन साळवे, अंबरनाथ.'

पण एकटं माणूस किती पुरणार? साइटचा पार बाजार झाला. 'आज भाजी काय करू', 'मी हँडसम दिसतो का', एकच प्रश्न दहा जणांचा. उत्तरं देणारी जाणती माणसं हळूहळू निघून गेली. टवाळ तेवढे उरले.

एका रविवारी सकाळी मॅडमनी आमची बेल वाजवली आणि फोन माझ्यापुढे धरला. "वाचा."

प्रश्न होता: 'वेणी कशी घालतात? अर्जंट!!!' विचारणारा विलास, बदलापूर. खाली थट्टेचा पूर आला होता. 'भाऊ, लग्न जमलं वाटतं.' 'आधी केस वाढव.' 'फोटो टाक, आम्ही घालून देतो.'

"कुणीतरी मजा करत असेल," मी म्हणालो.

"मजा करणारा हसायला परत येतो. हा परत एकदाच आलाय. 'प्लीज कुणीतरी सांगा' एवढं लिहून गेलाय. मी विचारलं कुणाची वेणी, तर ते या कचऱ्याखाली गेलं. त्याला सरळ निरोप धाडायचा तर मॉडरेटर लागतो." त्यांनी पायात बूट घातलेलेच होते. "स्कूटर काढा. हरेशकडे जायचंय."

हरेश दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. मॅडमना बघून त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. "बोलो साईं, क्या हुआ?"

"हा एक प्रश्न बंद करा," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या माणसाला माझा नंबर पाठवा."

"मॅडम, एक बंद केला तर रूल कुठे राहिला?"

"नियमाचं नंतर भांडू. आत्ता हा बंद करा."

"एक सवाल के पीछे इतना क्यों?"

मॅडम काउंटरपाशीच्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं, चिडतील. त्या शांतपणे बोलायला लागल्या.

"मी पाचवीत होते. वर्गात हात वर करून काहीतरी विचारलं. मास्तर म्हणाले, खाली बस, तुला काय करायचंय? सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी वडिलांना सांगितलं, आता कध्धी विचारणार नाही. वडील शिफ्टवरून आलेले, अंगावर कंपनीचे कपडे. ते म्हणाले, उद्या पुन्हा विचार. पण असा विचार, की त्याला खाली बस म्हणता येणार नाही. जेवणं झाल्यावर बसून माझ्याकडून प्रश्न घोटून घेतला. हे नको, ते आधी, इथे नीट सांग." त्यांनी चष्मा पुसला. "आमच्या घराण्यात तोंड उघडून विचारणारी मी पहिली, हरेश. माझ्या आजीने आयुष्यात कुणाला काही विचारलं नाही. तिला ती सोय नव्हती. आणि तुमच्या साइटवर एक माणूस मदत मागतोय आणि लोक त्याला हसतायत. मी प्रश्न बंद करते ते त्याला कुणी हसू नये म्हणून. दार लावते, आत बसवते, नीट करून बाहेर पाठवते. तुम्ही दार काढून टाकलंत."

मघाचं गिऱ्हाईक आपला मोबाइल विसरून ऐकत होतं. हरेशने पुटपुटत फोन काढला, प्रश्न बंद केला, नंबर पाठवला.

"आता मॉडरेटर परत करतो मॅडम. बस?"

"मला पद नको. नियम बदला. सगळ्यांसाठी."

"वो नहीं होगा."

"मग मी अशीच भांडणार," म्हणून त्या उठल्या. या भांडणाचा निकाल अजून लागलेला नाही. हरेश सणासुदीला पद देऊ करतो, मॅडम सणासुदीला नाकारतात, आणि मधल्या काळात प्रत्येक प्रश्नाखाली 'कोणता?' 'कधीपासून?' चालू आहे.

विलासचा फोन त्याच दुपारी आला. मॅडमनी स्पीकर लावला. चाळिशीचा माणूस असावा. दबकत बोलत होता. त्याच्या आईला पक्षाघात झाला होता, ती अंथरुणावर होती. केस कमरेपर्यंत, त्यांची पार जट झालेली. देखभालीला येणारी बाई म्हणाली, कापून टाका. कात्री बघून आई रडली. बोलता येत नव्हतं नीट, पण रडली. घरात दुसरं बाईमाणूस नाही.

"मग हे का नाही लिहिलं?" मॅडमनी विचारलं.

"लाज वाटली मॅडम."

"लाज त्यांना वाटू दे. आता लिहा. मी सांगते तसं नाही, तुम्ही सांगाल तसं. लांब म्हणजे किती? गुंता कुठे, टोकाला की मुळाशी? ती कुशीवर वळू शकते का?"

बराच वेळ त्यांचं चाललं होतं. एका वाक्यावर विलास वैतागला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "वैतागा, पण लिहा." संध्याकाळी प्रश्न पुन्हा साइटवर आला: 'आई पक्षाघाताने अंथरुणावर आहे. केस कमरेपर्यंत असून मानेपाशी जट झाली आहे. ती डाव्या कुशीवर वळू शकते. केस न कापता, तिला न दुखवता कसे सोडवावेत आणि झोपताना टोचणार नाही अशी वेणी कशी घालावी? मी मुलगा आहे, पूर्वी कधी केलेलं नाही.'

त्या प्रश्नाखाली एकही माणूस हसला नाही. कुठल्या कुठल्या गावांतून बायका धावून आल्या. एका नर्सने लिहिलं, मागे एक वेणी नको, डोक्याखाली गाठ येते. भांग पाडून दोन घाला आणि पुढे घ्या. एका आजींनी लिहिलं, तेल जटेलाच लावा आणि रात्रभर मुरू द्या. साइट सोडून गेलेले काही जुने सभासदही परत आले.

दोन दिवसांनी विलासचा पुन्हा फोन. सगळं वाचलंय, तेलही लावून ठेवलंय, पण हात धजत नाही. आईला दुखलं तर?

"उद्या सकाळी येते," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं. स्कूटर अर्थातच माझी.

बदलापूरला तळमजल्यावरची खोली. खिडकीशी खाट. आई बारीकशी, डोळे मात्र टपोरे, आमच्यावर रोखलेले. मॅडमनी हात धुतले, खाटेच्या कडेला बसल्या, पण कंगवा विलासच्या हातात दिला.

"खालून सुरुवात करा. दुसऱ्या हाताने मुळाशी मूठ घट्ट धरा. ओढ मुठीला बसू दे, डोक्याला नको."

विलासच्या कपाळावर घाम आला होता. केसाचा एक एक पदर सुटत गेला. आई एकदा कण्हली, तो थांबला. मॅडम म्हणाल्या, "थांबा, मग पुन्हा." बऱ्याच वेळाने दोन वेण्या झाल्या. एक जाड, एक बारीक, शेंडे वाकडे. त्याने त्या दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतल्या. आईने चालता हात उचलून एका वेणीवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला. विलास पाणी प्यायला म्हणून आत गेला आणि बराच वेळ आला नाही.

मग आई मॅडमकडे वळली. ओठ वाकडे करत, कष्टाने म्हणाली, "तू... कुणाची?"

मॅडमनी हातातला नॅपकिन घडी करून ठेवला.

"मी सुमन," त्या म्हणाल्या. "अंबरनाथची. माझ्या आईचं नाव शेवंता. तिचे केस तुमच्यासारखे होते. माझेही होते. लॅबमध्ये चालत नाहीत म्हणून कापले, मग तसेच ठेवले. भाऊ होता, तो गेला. बहीण लांब असते. लग्न नाही केलं मी. म्हणजे कंपनीत एकजण होता. स्टोअरला. रोज चारला येऊन विचारायचा, मॅडम, चहा घेणार का? मी म्हणायचे, कोणता चहा, कँटीनचा की बाहेरचा? तो गोंधळायचा. मला वाटायचं, एक दिवस नीट विचारेल. मग त्याची बदली झाली."

मी दाराशी उभा होतो. एवढी वर्षं त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतोय, यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं.

आईने चालता हात मॅडमच्या गुडघ्यावर ठेवला. "मग?"

"मग काही नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खाट धरून जरा पुढे सरकून घेतलं, आणि पुढचं सांगायला लागल्या.