कळमकरांच्या गाडीची उभी सावली

आमच्या गावात मोटारसायकल पडली तरी दोन साक्षीदारांच्या सह्या होईपर्यंत तिची सावली उभीच राहते, आणि सावली उभी असेपर्यंत गाडी जागची हलत नाही. उचलायला मनाई आहे असं नव्हे. ती उचलतच नाही. तीन वर्षांपूर्वी बाजारातल्या हमालांनी दोर लावून पाहिला, दोर तुटला. मालकालाही दहा पावलांपलीकडे जाता येत नाही, कारण त्याची सावली गाडीच्या सावलीत अडकलेली असते. सूर्य मावळला की मालक सुटतो, पण गाडी कायमची तिथेच राहते. अशा अकरा गाड्या गावात आडव्या आहेत. नगरपरिषदेच्या वहीत त्या उभ्या आहेत.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार गावाबद्दल आहे. दुसऱ्याची फजिती पाहू नये, हे आमच्याकडे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. गाडी कलंडल्याचा आवाज झाला की अख्खा चौक पाठ फिरवतो आणि त्याला सभ्यता म्हणतो. मी एकतीस वर्षं बातमीदार आहे. लोक जिथून नजर वळवतात तिथे बघायचा मला पगार मिळतो. आजवर दोनशे चौदा गाड्यांना पहिला साक्षीदार मी आहे. दुसरा मिळवताना दर वेळी माझा घसा बसतो.

गेल्या शनिवारी दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी पेढ्यांच्या दुकानासमोर रंगनाथ कळमकरांची गाडी पडली.

कळमकर म्हणजे निवृत्त एस. टी. ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं विना अपघात. त्याचा बिल्ला मिळाला, तो ते लग्नातल्या सदऱ्यावरही लावतात. मागे बायको, वत्सलाबाई. बावीस किलोमीटरवर तालुक्याला कबड्डीचा जिल्हास्तरीय अंतिम सामना सहाला सुरू होणार होता, आणि त्यात पहिल्यांदाच एक बाई मुख्य पंच होती. ती यांची मुलगी ज्योत्स्ना. तिच्यासाठी पेढे घ्यायला दोघं थांबली. वत्सलाबाई उतरल्या आणि गाडी डावीकडे झुकली. जागच्या जागी पडणारी गाडी फार सावकाश पडते. माणसाला वाटतं, सावरेल. कळमकरांनाही तसंच वाटलं.

धाडकन आवाज झाला. हँडल गटारात गेलं. दुकानाच्या पांढऱ्या भिंतीवर गाडीची सावली मात्र ताठ उभी, आरशांसकट.

चौकाने पाठ फिरवली. मी रस्ता ओलांडून धावत सुटलो. "पडली! मी पाहिली! वही मागवा!"

"काय पडलं?" कळमकर म्हणाले.

"गाडी."

"पडली नाही. टेकवलीय मी. इंजिन तापलं होतं."

"कळमकर, हँडल गटारात आहे."

"गार जागा तीच आहे."

नगरपरिषदेच्या पडझड विभागाचे लिपिक टिपरे सात मिनिटांत वही घेऊन आले. एवढी तत्परता मी त्या कार्यालयात दुसऱ्या कुठल्याही कामात पाहिलेली नाही. त्यांनी खडूने गाडीभोवती रेघ मारली आणि विचारलं, "कोणत्या बाजूला पडली?"

"पडलेलीच नाही," कळमकर म्हणाले.

"मग 'डाव्या बाजूला न पडलेली' असं लिहितो. साक्षीदार?"

मी सही केली. टिपऱ्यांनी दुसरी रेघ मोकळी ठेवली आणि पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाचा मला भयंकर राग येतो.

समोर हमीदभाईंची चहाची टपरी आहे. मी तिथे गेलो. "हमीदभाई, तुमचं तोंड गाडीकडे होतं."

"होतं ना साहेब. पण दूध उतू जात होतं, तिकडे बघत होतो."

"पातेलं रिकामं आहे!"

"आता आहे," ते शांतपणे म्हणाले. "गेलं ना उतू."

सव्वापाच झाले. मी चौकाच्या मध्यभागी उभा राहून ओरडलो, "अरे, त्या पोरीची आज जिल्ह्यात पहिली शिट्टी आहे! तिचे आईबाप इथे अडकलेत! एक सही पाहिजे, एक!" साठ-सत्तर पाठी ऐकत होत्या. एक पाठ खोकली. वळली कोणीच नाही.

टिपरे वत्सलाबाईंना म्हणाले, "बाई, तुम्हाला कोणीतरी सोडेल तालुक्याला. तुमची सावली मोकळी आहे."

"यांना सोडून?" वत्सलाबाई म्हणाल्या. "लेक पहिल्यांदा यांनाच शोधेल. शाळेतल्या शर्यतीपासून तेच करते ती." मग त्या गाडीकडे बघत राहिल्या आणि एकदम म्हणाल्या, "मी पाहिली पडताना. लिहा."

कळमकर गर्रकन वळले. "वत्सला!"

"पाहिली म्हणजे पाहिली. मी उतरले तेव्हा स्टँड लागलाच नव्हता."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"गाडीवर तुम्हाला काही सांगितलेलं चालतं का? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं, पुढे खड्डा आहे. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. तेव्हापासून मी खड्डे मोजते, सांगत नाही."

चौकातल्या पाठी थरथरल्या. कोणीतरी हसू दाबत होतं.

मी टिपऱ्यांच्या हातात पेन कोंबलं. त्यांनी नियमाचं पान काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "मालकाच्या पत्नीला अर्धी साक्षीदार धरतात. उरलेला अर्धा भाग मालकाचा."

"म्हणजे?"

"म्हणजे यांनीही सही करायची. पडली म्हणून."

पाच वाजून बावीस मिनिटं. पेट्रोलचा वास सुटला होता. भिंतीवरची सावली जरा लांब झाली होती, पण उभीच. कळमकरांनी आपला बिल्ला चाचपला.

"अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले. "घाट, पाऊस, धुकं. आणि पडली कुठं, तर पेढ्याच्या दुकानासमोर. थांबलेली असताना."

"हो," वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि पाच बावीस झालेत."

कळमकरांनी वही ओढली. आधी बाईंची सही झाली, मग त्यांची. वही परत देताना ते मोठ्याने म्हणाले, इतक्या मोठ्याने की पाठींनाही ऐकू जावं, "पडली. माझ्याकडून पडली."

भिंतीवरची सावली हळूच झुकली आणि आडवी झाली. टिपऱ्यांनी वेळ नोंदवली. मी मागून उचललं, कळमकरांनी हँडल धरलं, आणि गाडी शेळीच्या करडासारखी हलकी होऊन वर आली. डावा आरसा फुटला होता. वत्सलाबाई पेढ्यांचा पुडा छातीशी धरून मागे बसल्या.

"स्टँड," त्या म्हणाल्या.

"घेतला वर."

"नाही घेतलेला."

कळमकरांनी खाली वाकून पाहिलं. टाचेने स्टँड वर केला. "अजून काही?"

"पुढे खड्डा आहे."

गाडी खड्डा चुकवून निघाली. मी इतक्या जोरात ओरडलो की दुकानदाराने कानांवर हात ठेवले. तसाच चौकात थांबलो. टिपरेही थांबले. चौकही थांबला, अर्थात पाठमोरा.

बरोबर सहाला शिट्टी वाजली. बावीस किलोमीटरवरून आली, पण काल घेतलेल्या चाकूसारखी धारदार. एकच, लांब, न डगमगणारी. हमीदभाईंच्या हातातला कप थबकला. एकेक करत सगळा चौक वळला आणि तालुक्याच्या दिशेने तोंड करून उभा राहिला.

टिपऱ्यांनी नवं पान काढलं आणि विचारलं, "ऐकल्याचे साक्षीदार?"

मी पहिला म्हणून सही केली. दुसऱ्यासाठी घसा खाकरून मागे वळलो, तर माझ्या मागे रांग लागली होती. सगळ्यांत पुढे हमीदभाई होते, आणि पेन मी लवकर सोडत नाही म्हणून माझ्यावर चिडले होते.