शशीकाकांचे बिनबोटांचे हातमोजे

मे महिन्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना, गिरगावात कुणी कुणाला लोकरीचे हातमोजे भेट देतं का? आमचे शशीकाका देतात. तेही बिनबोटांचे.

काका आमच्या चाळीत, अगदी शेजारच्या खोलीत राहतात. उषाकाकू गेल्या आणि मागे उरलेल्या लोकरीनं भरलेली एक ट्रंक राहिली. काकूंनी जन्मभर गावाचे स्वेटर विणले आणि दर वेळी उरलेला गुंडा जपून ठेवला. बोरिवलीची सून ती ट्रंक काढून टाकायला निघाली, तेव्हा काका म्हणाले, "एवढी लोकर संपू दे, मग काय ते करा." आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतःच विणायला बसले.

त्यांना जमलं ते एवढंच. चौकोनी पट्टी विणायची, दुमडून कडेनं शिवायची, अंगठ्यापुरतं भोक सोडायचं. बोटं विणता येत नाहीत हे ते कबूल करत नाहीत. "बोटं बांधल्यावर माणूस जेवणार कसा रे?" असं उलट आपल्यालाच विचारतात. डावा पोपटी, उजवा मरून. मॅचिंगचा विषय काढला की भडकतात. "तुझे दोन हात तरी सारखं काम करतात का?"

विणताना सुलट-उलट टाके ते मोठ्यानं म्हणतात. चाळीच्या मीटिंगमध्ये जिन्याच्या दुरुस्तीचा ठराव आला, तेव्हा कोपऱ्यातून "उलट, उलट" असं ऐकू आलं. सेक्रेटरी बिचारा बराच वेळ विचारत राहिला, काकांचा विरोध नक्की कशाला आहे.

हातमोजे सगळ्यांना मिळाले. माझी बायको तिच्या हातमोज्यांनी धरून गरम कढई उतरवते. परबवहिनींनी टीव्हीच्या रिमोटला घातलेत. खालच्या इस्त्रीवाल्यानं तेवढ्यानं खरंच हातात घातले आणि पहिल्याच दिवशी एक जाळला.

ट्रंक रिकामी होत चालली तसे काका हळू झाले. चार ओळी विणायच्या, "सैल झालं" म्हणून उसवायच्या. मी म्हटलं, "काका, नवी लोकर आणून देऊ?"

"नको. ती हिच्या हातातली नसते."

गेल्या रविवारी दारात उभे. "तुझे हातमोजे दे जरा. अंगठा घट्ट झालाय."

"नाही हो, मस्त बसतात," मी ठोकून दिलं. मी ते कधी घातलेच नव्हते.

"दे म्हणतो ना!"

दिले. दुपारी गॅलरीत गेलो तर काका माझेच हातमोजे उसवत बसले होते. शेजारी ट्रंक उघडी, तळाशी नुसत्या डांबरगोळ्या. मला बघून त्यांनी उसवलेली लोकर घाईघाईनं मुठीत झाकली.

"संपली रे," ते म्हणाले. "हिची लोकर संपली."

मी तसाच मागे वळलो. घरात येऊन बायकोला सांगितलं. तिनं कढईजवळचे आपले हातमोजे उचलले आणि जाऊन परबवहिनींची कडी वाजवली. संध्याकाळी काकांच्या दारात ही गर्दी.

"काका, माझाही अंगठा घट्ट होतोय."

"काका, आमचे फारच सैल झालेत हो."

काकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला. मग खेकसले, "एकेकानं या! आणि हा हळदीचा डाग कुणाचा?" सगळे हातमोजे मांडीवर घेतले. "हे बघा, कुणी घाई करायची नाही. मला वेळ लागेल."

"लागू दे की, काका," परबवहिनी म्हणाल्या. "थंडीला अजून खूप अवकाश आहे."